घाईत घडलेलं बोंडलं

एकाच आईची दोन लेकरं. थोरलीने अंगणातली माती खाल्ली, भिंतीचा चुना चाटला, शेळीच्या तोंडातला पाला ओढून स्वतःच्या तोंडात घातला. तिला साधी शिंक आली नाही. धाकट्याला उकळून, गाळून, गार केलेलं पाणी चमच्याने पाजलं. तो आठ दिवस तापाने फणफणला. असं का? कावून?

हा प्रश्न मी दीड वर्ष विचारतोय. परळीतल्या या घरात मला कुणी उत्तर दिलं नाही. बरोबरच आहे, भांड्याला उत्तर देत बसायला कुणाला सवड असते?

मी बोंडलं बोलतोय. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं. मुठीएवढं पोट आणि पुढे चिमणीच्या चोचीसारखी तोटी. सध्या शिवलिंगप्पांच्या किराणा दुकानात, बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात पडून आहे. पोट एका कोपऱ्यात, तोटी दुसऱ्यात. ईश्वरीचा धक्का लागला आणि पडलं, असं घरातले सगळे सांगतात. सांगू द्या.

मी शाळेत गेलेलो नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर पिशवीत बसून जे कानावर पडलं तेवढंच माझं शिक्षण. त्यात सोनाराने ठोकून घडवलेला, म्हणून डोकं लवकर तापतं. चुकून वेडंवाकडं बोललो तर मोठ्यांनी माफ करावं. नाही केलं तरी चालेल.

आमच्या घराची ओळख करून देतो. शिवलिंगप्पा म्हणजे आप्पा, घराचे मालक. कपाळाला भस्म, हातात तराजू. त्यांची बायको गंगासागर, म्हणजे आज्जी. मुलगा अमरनाथ, सून शिवकन्या. शिवकन्येची पहिली मुलगी ईश्वरी. दुसरा मुलगा वैजनाथ. त्याच्यासाठी मला घडवलं.

ईश्वरी झाली ती शिवकन्येच्या माहेरी, नांदूरघाटला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ती तिकडे होती. रात्रभर कळा दिल्या. छबुबाई नावाच्या सुईणीने सोडवणूक केली, लेकरू पुसलं आणि नाळ कापल्या कापल्या आईच्या छातीला लावलं. पहिले तीन दिवस जे घट्ट पिवळं दूध येतं, त्याला चीक म्हणतात. तो ईश्वरीने पोटभर प्यायला. मुलगी झाली म्हणून परळीहून बघायला कुणी घाईने आलं नाही. त्यामुळे तिला कुणी काही शुभ करायला गेलं नाही. वाचली.

दुसऱ्या वेळेला मात्र घराने मनावर घेतलं.

सन पंच्याण्णव. परळीत एसटीडीच्या बूथवरच्या मजल्यावर नवा खाजगी दवाखाना निघाला होता. गुळगुळीत फरशी, गार हवेचं यंत्र, ऑपरेशनची नवी खोली. शिवकन्येला दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते. पण त्या वर्षी शिवरात्र सोमवारी आली. सोमवार, त्यात शिवरात्र, आणि गाव वैजनाथाचं! आप्पांनी पंचांग उघडलं, मठातल्या स्वामींना विचारलं आणि डॉक्टरपुढे जाऊन बसले. हे मी बघितलेलं नाही. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पण आप्पा साखर तोलता तोलता प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगायचे, म्हणून मला ती पाठ आहे.

"अकरा वाजून सतरा मिनिटांनी जमंल का, डॉक्टरसाहेब?"

"सव्वाअकराला घेऊ की. दोन मिनिटं इकडेतिकडे."

"इकडंतिकडं न्हाई चालायचं. दोन मिनिटांत रास बदलती."

शिवकन्या बाजूला उभी होती. ती सासऱ्यांना हळूच म्हणाली, "मामा, मला अजून कळाच न्हाईत."

आज्जीने तिच्या पाठीवर हात फिरवला. "कळा नकोत म्हणूनच तर न्यायलोत की गं पोरी. आमच्या टायमाला अशी सोय असती तर मी सात बाळंतपणं हसत केली असती."

आज्जी हे मायेनेच म्हणाल्या. त्यांच्या सातांतली चार जगली नाहीत. तेव्हा नवी फरशी आणि नवं यंत्र दिसल्यावर त्यांना देव भेटल्यासारखं झालं असेल, तर मी त्यांना कशाला हसू? मला हसू येतं ते घड्याळाचं.

अकरा वाजून सतरा मिनिटांनी पोट कापून वैजनाथला बाहेर काढलं. देवळात शंख वाजत होते. वैजनाथ मात्र रडला नाही. तो नुसता भराभर श्वास घेत होता. त्याला उचलून काचेच्या पेटीत ठेवलं, ते दोन दिवस. बाहेर आप्पा पेढे वाटत होते. कुणीतरी विचारलं, "पेटीत कावून ठेवलंय लेकरू?"

आप्पा म्हणाले, "शिवरात्रीचं हाय. तपाला बसलंय."

शिवकन्येला टाक्यांमुळे कूस बदलता येत नव्हती. तिसऱ्या दिवशी छाती भरून आली. आज्जीने चीक पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "पिवळं, जड, नासल्यावानी. पेटीतून निघालेल्या नाजूक लेकराला कसं पचंल?" मग तो वाटीत पिळला आणि मोरीत ओतला. लेकराला मध चाटवला.

त्याच आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीत एक गाय व्यायली. आज्जीने गळ घालून तिचा पहिल्या दिवसाचा चीक मिळवला. गूळ घातला, वेलदोडा घातला, वाफवून खरवस केला. पाचवीला दवाखान्याच्या खोलीत तो खरवस सगळ्या पाहुण्यांनी बोटं चाटून खाल्ला. "चिकाच्या खरवसानं अंगात ताकद येती," असं एक पाहुणा म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. वासराच्या वाटणीची ताकद पाहुण्यांच्या पोटात आणि वैजनाथच्या वाटणीची मोरीत. वाटप अगदी चोख झालं.

त्याच दिवशी माझा जन्म झाला.

आप्पांनी तात्याबा सोनाराला सांगितलं होतं, पाचवीच्या आत चांदीचं बोंडलं पाहिजे. तात्याबा म्हणाला, "आप्पा, एक दिवस वाढवून द्या. तोटी जोडायचा डाग नीट बसू द्यावा लागतो. आतून घासायची राहिलीय."

"पाचवी चुकंल."

"अहो, लेकराच्या तोंडात जायची वस्तू हाय."

"म्हणूनच तर मुहूर्त पाहिजे!"

तात्याबाने डाग घाईने मारला. तोटी जिथे पोटाला जोडली, तिथे आतून एक खरबरीत कंगोरा राहून गेला. बाहेरून मात्र मला इतकं चमकवलं, की पाहुण्यांनी माझ्यात स्वतःची तोंडं बघितली. असे आम्ही दोघं. वैजनाथ सोमवारचा, मी शुक्रवारचा. दोघंही दिवस भरायच्या आधी बाहेर काढलेले, दोघंही बाहेरून देखणे. म्हणून मी स्वतःला त्याचा धाकटा भाऊ समजतो. कुणी मला तसं म्हटलेलं नाही.

आज्जीने मला पहिल्यांदा त्याच्या तोंडाला लावलं, तेव्हा त्याचे ओठ माझ्या तोटीपेक्षा गार होते. तो दोन थेंब प्यायला, थांबला, दमला, पुन्हा प्यायला. मला वाटलं, मी याला वाढवणार. छाती असती तर फुगली असती.

"बाळंतिणीला उठवू नका, बोंडल्याने भागतंय," असं ठरलं. गाईचं दूध, त्यात अर्धं पाणी. टाके सुकेपर्यंत शिवकन्येचं दूधही सुकलं. ती दुखणाऱ्या पोटाला हात लावून मला बघायची. मी तिची जागा घेतली होती. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला. आता ती नजर आठवली की तोंड लपवावंसं वाटतं.

घरी आल्यावर दर्शन सुरू झालं. शिवरात्रीच्या मुहूर्तावर आलेलं लेकरू, साक्षात वैजनाथ! गल्लीतले लोक रांगेने यायचे, त्याच्या पायांना हात लावायचे, तोच हात त्याच्या गालाला लावायचे. एक म्हातारे गृहस्थ तर खोकत खोकत आले, लेकराच्या तोंडावर वाकून आशीर्वाद देऊन खोकत खोकत गेले. कुणी त्यांना अडवलं नाही. देवाला खोकला लागतो का कुठे?

दोन महिन्यांत वैजनाथला पहिला खोकला झाला. मग तो गेलाच नाही. छातीत मांजर बसल्यासारखा घुरघुर आवाज. अंगावर पुरळ. पंधरा दिवस खोकला, मग आठ दिवस जुलाब, मग चार दिवस बरा, की पुन्हा खोकला. त्या चार दिवसांत तो हसायचा. मला तोटीला धरून आपटायचा. ईश्वरी त्याला पाठुंगळीला घेऊन घोडा घोडा करायची आणि आज्जी ओरडायच्या, "अगं, हात धू आधी!" ईश्वरीचे हात धुतले जायचे. माझी तोटी कुणी धुवायचं नाही.

म्हणजे मला घासायचे, रोज. चिंच आणि राख लावून बाहेरून लखलखीत. पोटात पदराचं टोक फिरवायचे. पण तोटीत बोट जात नाही. अमरनाथ एकदा म्हणाला, "आई, डॉक्टर म्हणत होते, हे उकळून घ्यावं."

"अरे, चांदी हाय ती. चांदीला कसला विटाळ? उकळायचं ते काचेच्या बाटलीला."

झालं. माझं चारित्र्य असं निष्कलंक ठरलं.

घराने आजाराची कारणं खूप शोधली. नजर लागली म्हणून काळा दोरा बांधला. दात येताहेत म्हणून सहा महिने वाट बघितली. गावच्या हवेत वीजकेंद्राची राख आहे म्हणून खिडक्या बंद केल्या. तीच राख त्याच हवेतून ईश्वरीच्या नाकात जात होती, पण तिकडे कुणी बघितलं नाही. नव्या दवाखान्यात सुया व्हायच्या. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा भारी सुई. अमरनाथ स्कूटरवरून इतक्या वेळा तिकडे गेला, की त्याचा एक दोस्त म्हणाला, "बे अमर, तिथंच एक खाट मांड की कायमची." अमरनाथ हसला नाही. दोस्तही नंतर हसला नाही.

पुढच्या शिवरात्रीला वैजनाथचा पहिला वाढदिवस झाला. जत्रेला म्हणून छबुबाई नांदूरघाटहून आली होती, शिवकन्येला भेटायला घरी आली. तिने आधी ईश्वरीला जवळ घेतलं, मग वैजनाथच्या छातीला कान लावला.

"आगं बया. ह्याला चीक पाजला का न्हाई?"

आज्जी म्हणाल्या, "नाजूक होतं लेकरू. कसा पाजायचा?"

"आमच्या शेरडाच्या करडाला चीक न्हाई मिळाला तर आठ दिसांत पाय ताणतंय ते. मग तुमचं लेकरू काय दगडाचं हाय का?"

"शेरडाची गोष्ट माणसाला लावू नका, छबुबाई. मोठ्या डॉक्टरनं काढलंय ह्याला."

"डॉक्टरला कोण नाव ठेवतंय, अक्का? माझी सून अडली तवा सुरीनंच वाचली. पण हे लेकरू अडलं कुठं होतं? कळा तरी येऊ द्यायच्या. आन् चिकात येवढी घाण असती, तर मग खरवस कावून खाता तुमी?"

आज्जी उठून चहा ठेवायला गेल्या. माझा प्रश्न पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून बाहेर पडला होता. मी फळीवर बसून नाचलो असतो, पण फळी अरुंद होती.

तोवर शिवकन्या पुन्हा गरोदर होती.

शहाण्णवच्या अधिक महिन्यात वैजनाथला जुलाब लागले. दोन दिवस सुया झाल्या. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले आणि नव्या दवाखान्याने सांगितलं, मोठ्या दवाखान्यात न्या. जीपमध्ये तो शिवकन्येच्या मांडीवर होता आणि मी पिशवीत.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने सलाइन लावलं, मग विचारायला सुरुवात केली. कधी झाला? किती आठवड्यांचा? सिझर कशासाठी? पहिलं दूध? दूध कशाने पाजता? आज्जीने मोठ्या विश्वासाने मला पिशवीतून काढून तिच्या हातात दिलं. तिने टॉर्च मारला. काडीला कापूस गुंडाळला आणि माझ्या तोटीत घातला.

काडी बाहेर आली तेव्हा कापूस काळपट हिरवा होता. आंबलेल्या दुधाचा वास त्या खोलीत सगळ्यांना आला.

मी दीड वर्ष ज्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यांकडे मागत होतो, त्यातलं थोडं माझ्याच नरड्यात अडकलेलं होतं. तात्याबाने न घासलेल्या त्या कंगोऱ्यावर. मी त्याला वाढवत होतो म्हणे!

आप्पांचा आवाज पहिल्यांदा खाली आलेला मी ऐकला. "मग ह्याच्यानंच झालं का, बाई?"

ती म्हणाली, "एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, आजोबा. सिझरची कितीतरी लेकरं ठणठणीत असतात. पण कळांनी, आईच्या वाटेने येताना लेकराला आईकडून काहीतरी मिळतं, त्याने रोगाशी झगडायला मदत होते, असं काही लोक मानतात. अजून ते पुरतं कळलेलं नाही. हा तर दिवस भरायच्या आधी काढलेला. वर चीक नाही. आईचं दूध नाही. आणि हे भांडं. एकेक काटकी जमत जमत मोळी झाली."

मग ती शिवकन्येकडे वळली. "तुम्हाला कदाचित पुन्हा सिझरच लागेल. लागलं तर घाबरू नका, त्याने जीव वाचतात. पण पंचांग बघून करू नका. बाळाची वेळ बाळाला ठरवू द्या. आणि पहिलं दूध त्याचं त्याला द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी वैजनाथ गेला. पंख्याखाली, सगळ्यांच्या देखत. सतरावा महिना चालू होता. कोणत्या मिनिटाला गेला, ते आप्पांनी घड्याळात बघितलं नाही.

आमचं घर लिंगायत, आमच्यात माणूस जाळत नाहीत, पुरतात. गळ्यातल्या लिंगासकट त्याला खाली ठेवलं. ईश्वरी म्हणाली होती, "बोंडलं पण ठेवा त्याच्याजवळ, त्याला भूक लागंल." कुणीतरी तिला म्हणालं, "चांदी पुरत नसतात, बाळा." म्हणून मी वर राहिलो. चांदीचा असल्याचा एवढा एक फायदा मला झाला.

घरी आल्यावर आज्जीने मला फडक्यात गुंडाळून फळीच्या मागे सारलं. दुधाचा वास येईना. घोडा घोडा बंद झालं. श्रावण लागला तसं आप्पांचं बोट सवयीने पंचांगाकडे गेलं. शिवकन्येने ते पंचांग त्यांच्या हातातून घेतलं आणि चुलीत घातलं. आप्पा जळणाऱ्या पानांकडे बघत राहिले. म्हणाले, "बरं केलंस, पोरी."

मला वाटलं, सुधारलं घर. एवढ्या लवकर सुधारतं होय कुठे?

पोळ्याच्या दिवशी शिवकन्येला कळा सुरू झाल्या. पोळा म्हणजे अमावस्या. आप्पांच्या जुन्या हिशेबाने त्या दिवशी नवी केरसुणीसुद्धा घ्यायची नाही. तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. शिवकन्येने आधीच निरोप धाडून छबुबाईला बोलावून घेतलं होतं. दिवसभर वाट बघितली, पण लेकरू अडलं आणि सिझर करावंच लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाली तसंच. मुलगी झाली. ही मात्र पहिल्या क्षणापासून असं ओरडली, की बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू येईना.

आणि तेव्हा आज्जीच्या पिशवीतून मी बाहेर आलो.

हो, मीच. आज्जीने मला आणलं होतं. या वेळी तासभर उकळलं होतं. तोटीत काडी फिरवली होती. नातवाला पाजलेलं एकच भांडं घरात होतं, ते टाकून द्यायला त्यांचा हात धजला नव्हता. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "दोन घोट गाईचं दूध देते. शिवकन्या अजून गुंगीत हाय. पोरीच्या घशाला कोरड पडली."

छबुबाई म्हणाली, "अक्का, आई इथं हाय. लावा की तिला."

"टाके ओले हाईत तिचे. अन् सुरीवालीला लगेच कुठं दूध येतंय? नुसता चीक असंल. उद्या बघू."

उद्या बघू. चांगल्या माणसांनी, चांगल्या मनाने म्हटलेलं. मी ते आधीही ऐकलं होतं. आज्जीने मला दूध भरून खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर ठेवलं आणि पोरीला मांडीवर घ्यायला वळल्या. ईश्वरी बहिणीला बघायला पुढे वाकली. तिचा फ्रॉक मला लागला, हे खरं. पण नुसत्या फ्रॉकने भरलेलं बोंडलं पडत नाही.

मला माझ्या नरड्यातला तो कंगोरा माहीत होता. कितीही उकळलं तरी तो तिथेच होता. घाईत मारलेला डागही तिथेच होता. शिकलेला असतो तर दोनदा विचार केला असता.

फरशीवर मी तोंडावर आपटलो. तोटी उडून खाटेखाली गेली. दूध पसरलं.

"अगं बाई! आता गं?" आज्जी म्हणाल्या.

"आता काय," छबुबाई म्हणाली, "आईला काय नुसतं बघायला निजवलंय?"

तिने पोरीला उचललं, शिवकन्येच्या पोटाला धक्का लागू न देता कुशीला आडवं धरलं. शिवकन्येने गुंगीतच हात वर आणला आणि लेकराच्या डोक्यावर ठेवला. मी जमिनीवरून बघत होतो. एक पिवळा, जड थेंब आला. आज्जीचा हात पदराकडे गेला, पुसायला. मध्येच थांबला. त्या खाली बसल्या, पदराने पोरीचं तोंड नाही, फरशीवरचं दूध पुसायला लागल्या.

खोलीत गटकन् असा बारीक आवाज झाला. मग पुन्हा झाला.

तो आवाज माझ्या भावाला कधी मिळाला नाही. त्याच्या बहिणीला मिळावा म्हणून मी उडी मारली.